फाटकाबाहेरचा नळ

आधी मावशींचं सांगते, मग काय झालं ते. माझी मुलगी आज धडधाकट आहे, शाळेत जाते, दारात दोरीवरच्या उड्या मारते, ती मावशींमुळे. सख्ख्या मावशी नव्हेत. नागपुरात आमच्या खोलीला लागून ज्यांचं घर आणि घरात माग होता, त्या शेजारीण. पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारं घराणं. मी त्यांना मावशी म्हणायला लागले, कारण पहिल्या दिवशी त्यांनीच दारात येऊन विचारलं होतं, "काहून वं, एकटीच बसून राहिली? घरची याद येऊन राहिली का?" मला ती भाषा अर्धीच कळली, पण रडू मात्र पूर्ण आलं.

माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठावर. सातवीत शाळा सुटली. आई आजारी, भावंडं लहान, दुसरं काय होणार होतं? पुढे लग्न झालं आणि दोन दिवस गाडीत बसून मी नागपूरला आले. आमचे हे बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. सत्तर साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. कारखान्यात बर्फाच्या लाद्या निघायच्या आणि मागच्या बाजूला थंड खोल्यांत बटाटे नि काटोलकडची संत्री ठेवलेली असायची. आमची खोली कारखान्याच्या भिंतीला टेकूनच होती, मध्ये फक्त एक गटार. भर वैशाखात सगळं नागपूर भाजून निघायचं तेव्हा आमची मागची भिंत हाताला गार लागायची. मी दुपारी पाठ लावून बसायची तिथे. त्या भिंतीचा मला आधार वाटायचा. आता हे लिहिताना अंगावर काटा येतो.

कारखान्याला नावं ठेवणारं गल्लीत कुणी नव्हतं. ठेवणार तरी कशी? कुणाचं लग्न निघालं की बर्फ फुकट. कुणी गेलं आणि मुलगा परगावाहून यायचा असला, तर शवाखाली ठेवायला लादी फुकट. उन्हाळ्यात चौकात रांजण भरलेले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नळ. गल्लीच्या सार्वजनिक नळाला उन्हाळ्यात धार नसायची, म्हणून कारखान्याने आपल्या विहिरीचं पाणी फाटकाबाहेर नळ काढून लोकांना दिलं होतं. दुपारची पाळी बदलताना भोंगा वाजायचा, त्यासरशी चौकीदार नळ सोडायचा. अर्धा-पाऊण तास पाणी. भोंगा वाजला की घराघरातून बाया घागरी घेऊन पळायच्या. लहान पोरंसुद्धा भोंग्याचा आवाज ऐकून "पानी, पानी" करायची. माझ्या मुलीला अजून बोलता येत नव्हतं, पण भोंगा झाला की ती कळशीकडे बघायची.

तेवढा एक वास सोडला तर सगळं चांगलं होतं.

वास रोज नसायचा. कधी पहाटे यायचा. नाकात सुई टोचावी तसा, मग डोळ्यांतून पाणी. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "गार करायचा वायू असतो पायपात. थोडा सुटतो कधी कधी. यंत्र म्हटलं की चालायचंच."

"बाळाला काही होणार नाही ना?"

"अगं, आम्ही आत आठ तास उभे असतो. आम्हाला काय झालंय?"

मी गप्प बसले. शिकलेली नव्हते, परमुलखात होते, आणि घर त्याच कारखान्यावर चाललं होतं. पण लक्ष जायचंच. भिंतीजवळ डब्यात मी तुळस लावली होती. तिची भिंतीकडची पानं तपकिरी पडली, आमच्याकडची हिरवी राहिली. मावशींनी डबा फिरवून पाहिला. "ऊन असतं तर साऱ्या अंगानं जळली असती," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या. त्या वर्षी चिमण्यांनी भिंतीच्या भोकांत घरटी केली नाहीत. मी कुणाला बोलले नाही. कुणाला बोलणार?

मावशींकडे सकाळी सकाळी पाजणी असायची. म्हणजे मागावर चढवायच्या आधी उभे धागे गल्लीभर ताणून धरायचे आणि त्यांना भाताची खळ लावून कुंच्याने विंचरायचं. ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, आणि एकदा खळ लावली की मध्ये सोडता येत नाही. धागे वाळून एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा फुकट जातो. हे घडलं त्या दिवशीचा ताणा व्यापाऱ्याचा नव्हता. कुहीला दिलेल्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणात तिला स्वतःच्या हातचं लुगडं नेसवायचं म्हणून मावशींनी कामातून वेळ काढून तो लावला होता. पांढराशुभ्र, दोन खुंट्यांमध्ये ताणलेला. मी कडेवर मुलगी घेऊन बघत उभी होते.

"नजर नको लावू वं माह्या ताण्याले," त्या हसत म्हणाल्या.

"मी कशाला लावू? सोन्यासारखा दिसतोय."

"सोनं काय करतं, नेसता येते का सोनं?"

तेवढ्यात भोंगा वाजला.

ती वेळ भोंग्याची नव्हती. ऊन अजून निंबाच्या शेंड्यावरच होतं. आणि भोंगा लांबला; थांबला, परत वाजला. पण आदल्या दुपारी पाणी लवकर संपलं होतं, बऱ्याच जणी रिकाम्या घागरी घेऊन परतल्या होत्या आणि चौकीदाराने "उद्या लवकर सोडू" म्हटलं होतं. गल्लीत एकच ओरड झाली, "पानी सोडलं! आज सकाळीच सोडलं!" दारं उघडली, घागरी खणखणल्या. जो तो पुढे. मीसुद्धा मुलीला कडेवर सरकवून आतून कळशी घेतली आणि निघाले.

सगळ्या धावल्या, मावशी सोडून. त्यांचे दोन्ही हात खळीत होते. ताणा सोडून त्यांना जाता येत नव्हतं. म्हणूनच त्यांना दिसलं. आम्ही घागरींकडे आणि एकमेकींच्या पुढे जाण्याकडे बघत होतो. त्या जागच्या जागी उभ्या राहून सरळ फाटकाकडे बघत होत्या. फाटकाखालून पांढरं धुकं बाहेर येत होतं. वैशाखात धुकं! जमिनीला धरून, दूध सांडावं तसं, नळाच्या ओट्यावर चढत होतं. सगळ्यांत पुढे धावलेली एक नवी सून तिथे पोचली आणि घागर टाकून मटकन खाली बसली.

"मांगं फिरा! मांगं फिरा वं, तिकडं मरान!" मावशींचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कुणी ऐकेना. वास आला तेव्हा माझे डोळे मिटले ते उघडेनात. मुलगी एकदाच किंचाळली आणि मग आवाजच आला नाही, नुसतं तोंड उघडं. कुठे जायचं ते कळत नव्हतं. भिंत कुठे, घर कुठे, काही दिसत नव्हतं.

मग कुणीतरी माझा दंड धरला. मावशी ताणा ओलांडून आल्या होत्या. ओलांडून कसल्या, तुडवून. त्यांनी खळीत भिजलेला आपला पदर मुलीच्या तोंडावर दाबला. मी ओरडले असणार, कारण त्या म्हणाल्या, "मारत नाही तुह्या पोरीले! चाल!" आणि आम्हाला ओढत कारखान्याच्या उलट दिशेला, शाळेच्या मैदानापर्यंत घेऊन गेल्या. पदर मुलीच्या तोंडावर होता. त्यांच्या स्वतःच्या तोंडावर काही नव्हतं. आमच्या मागे बाकीच्या बायाही वळल्या, पडत-झडत. सगळ्यांचे पाय त्या पांढऱ्या ताण्यावरून गेले.

मैदानात मुलीने श्वास घेतला तो मला अजून ऐकू येतो. तिच्या चेहऱ्यावर खळ वाळून पापुद्रा झाला होता, पापण्या चिकटल्या होत्या. मी पाण्याने त्या एकेक सोडवल्या. आत डोळे लाल, पण बघत होते.

सरकारी दवाखान्यात बरेच जण गेले. त्या दिवशी जीव कुणाचा गेला नाही. पुढे धावलेल्या सुनेचा एक डोळा मात्र गेला. आणि मावशींचा आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला तो नुसता कुजबुजण्याइतका.

हे दुपारी मैदानात आले ते शाळेच्या भिंतीला न टेकता बसले. मी विचारलं, "भोंगा कशाला वाजवला?"

"आम्हाला बाहेर काढायला. लांब भोंगा झाला की काम टाकून मागच्या दाराने पळायचं, असं शिकवलंय आम्हाला. आतल्या एकालाही काही झालं नाही."

"आणि बाहेर?"

ह्यांनी कारखान्याकडे पाहिलं. "बाहेर सांगा, असं कुणी म्हटलंच नाही गं."

संध्याकाळी व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. तोंड उतरलेलं होतं. बरोबर दोन माणसं, संत्र्यांच्या करंड्या आणि पाटीत बर्फ. लोक शाळेच्या मैदानातच बसले होते, गल्लीत जायची छाती होत नव्हती. ते म्हणाले, यंत्रात बिघाड झाला, दुरुस्त केला आहे, दवाखान्याचं सगळं कंपनी बघेल, कंपनी या वस्तीला आपलं घर समजते.

मावशींनी माझा हात ओढला आणि कानाला तोंड लावलं. "माह्या गळ्यातून निंघत नाही. तू बोल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मान खाली घालून साहेबांच्या मागे उभे होते. घर गेलं, नोकरी गेली, तर मी ही मुलगी घेऊन कुठे जाणार होते? पण मावशींचा हात माझ्या दंडावर होता, सकाळी होता तिथेच.

"ह्या विचारतात," मी म्हणाले, "पळायचा भोंगा आणि पाण्याचा भोंगा एकच का?"

"बाई, पळण्याचा भोंगा लांब असतो. आतल्या सर्वांना ते माहीत आहे."

मावशी कुजबुजल्या, मी म्हणाले, "आम्ही आत राहत नाही."

कुणीतरी मागून ओरडलं, "आता आत राहाले बोलावते का, पाहा!" लोक हसले. हसता हसता खोकले.

"वास कशाचा होता ते आम्हाला कधी का सांगितलं नाही?"

"लोक उगाच घाबरतात, म्हणून..."

मावशींनी आता माझ्या कानात न सांगता त्या करंडीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. त्याचं काय बोलायचं ते मला कळलं. "साहेब, बर्फ दिलात, पाणी दिलंत, ते आम्ही विसरणार नाही. पण तुमच्या पाण्यामागेच आम्ही मरणाच्या तोंडात धावलो. हे घेऊन जा. पायपात काय आहे ते सांगा, सुटलं तर कुठे पळायचं ते सांगा, आणि पळायचा आवाज वेगळा ठेवा."

त्यांनी ऐकलं. हेही सांगायला हवं. महिन्याभरात नळ फाटकापासून काढून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, शाळेजवळ नेला. फाटकाजवळ पितळी घंटा टांगली, दोर बाहेरच्या बाजूला, कुणालाही ओढता येईल असा. साहेब स्वतः निंबाखाली उभे राहिले आणि वायूचं नाव, त्याचा गुण, ओलं फडकं तोंडावर कसं धरायचं, वारा बघून कुठल्या अंगाला जायचं, सगळं समजावून सांगितलं. दर महिन्याला घंटा वाजायची आणि आम्ही सगळे हसत-खिदळत मैदानात जायचो. ह्यांची नोकरी गेली नाही. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की हा कारखाना आमचा शेजारी आहे. शेजारी म्हणजे नुसता देणारा नव्हे. घरात आग लागली तर आधी भिंतीपलीकडे हाक मारणारा.

ते साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनीही लग्नांना बर्फ चालू ठेवला, चौकातले रांजण वाढवले, शाळेला पंखे दिले. घंटेचं महिन्याचं वाजणं आधी दोन महिन्यांनी झालं, मग दसऱ्याला पुसून हार घालण्यापुरतं उरलं. गेल्या उन्हाळ्यात दोर कुजून तुटला. नवा लावलेला नाही. मी दोनदा फाटकावर जाऊन सांगितलं. चौकीदार म्हणाला, "हाव बाई, सांगतो साहेबाले," आणि दोन्ही वेळा मला बर्फाचा तुकडा देऊन वाटेला लावलं. हे म्हणतात, नोकरी अजून तिथेच आहे, कशाला बोलतेस.

आणि या आठवड्यात पहाटे वास येऊ लागला आहे.

मी तुळशीचा डबा रोज फिरवून बघते. मावशींनी माग केव्हाच मोडला. ताण्याला खळ लावायला बसलं की त्यांना खोकला येतो. कुहीची लेक गिरणीचं लुगडं नेसली. मावशींनी एकदाही त्याचा उच्चार केला नाही. काल त्या माझ्या दारात बसल्या होत्या. वास आला. त्यांनी माझ्या मुलीकडे बघितलं आणि दोरीवरचं फडकं काढून बादलीत बुडवून ठेवलं.

मावशी, तुम्हाला वाचता येत नाही, हे माझी मुलगीच तुम्हाला वाचून दाखवील. उद्या सकाळी मी पुन्हा फाटकावर जाणार आहे, आणि या वेळी बर्फ घेऊन परतणार नाही. ऐकलं नाही तर घरातला ताग वळून मी स्वतः दोर लावीन. तुमचा गेलेला आवाज मला परत आणता येत नाही. पण त्या घंटेत तो मी एक दिवस घालीन आणि तुमचं देणं फेडीन, एवढं माझ्याकडून लिहून घ्या.