गुरुजींना लोणार दाखवलं

सौंसरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत कमलताईंचं शिवणाचं दुकान आहे. रामाकोन्यापासून बोरगावपर्यंतच्या बाया त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकतात. माप घेताना त्या कागदावर काही लिहीत नाहीत. छाती, कंबर, बाही, गळा, सगळं डोक्यात. सहा महिन्यांनी तीच बाई आली तर म्हणतात, "तुमची बाही साडेनऊ होती ना?" आणि ती साडेनऊच असते.

अशी स्मरणशक्ती असलेल्या माणसाचं कोणी वाईट करू नये. उमाठे गुरुजींनी केलं होतं.

कमलताई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या, गावच्या शाळेत आठवीत, वर्गात पहिल्या. १९८८ सालची गोष्ट. गजानन उमाठे गुरुजी भूगोल शिकवत. त्या दिवशी तपासणीला साहेब आले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. गुरुजींनी शिकवलं, लोणारचं सरोवर ज्वालामुखीमुळे झालं. कमलनं हात वर केला. "गुरुजी, नाही. आकाशातून मोठा दगड पडला, त्याचा खड्डा होय तो."

कमलची मावशी मेहकरला राहायची. दहा वर्षांची असताना मावशीनं तिला लोणारला नेलं होतं. तिथे अभ्यासाला आलेली दोन माणसं हातोडीनं दगड फोडत बसली होती. त्यांतल्या एकानं तिला शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. ती ते विसरली नव्हती.

साहेब मागून हसले. गुरुजींचा चेहरा उतरला. साहेब गेल्यावर त्यांनी कमलला झेंड्याच्या खांबाजवळ उभं केलं. तीन दिवस, शाळा सुटेपर्यंत, उन्हात. चौथ्या दिवशी तिच्या वडिलांना, सुखदेव घाटोड्यांना बोलावून सांगितलं, "पोरगी खोटारडी हाय आन् उद्धट बी. मोठ्या मानसाच्या तोंडाले लागते. पुढं शिकवाल त हातची जाईन." सुखदेव साधा माणूस. गुरुजींचा शब्द त्याला शेवटचा. त्यानं कमलचं नाव काढून घेतलं आणि तिला शिवणाच्या क्लासला बसवलं.

पुढे लग्न झालं. नवरा हेमराज बोरगावच्या एका कारखान्यात लागला, एक मुलगी झाली, प्रणाली. कमलताईंनी तिला एम.एस्सी. केलं. या सगळ्या वर्षांत त्या गुरुजींबद्दल कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. हेमराजलासुद्धा नाही.

मग दोन वर्षांपूर्वी पांढुर्ण्याहून प्रणालीला स्थळ आलं. मुलगा वैभव, सरकारी नोकरीत. वडील लहानपणीच वारलेले. आई अनुराधाबाई, आणि ज्यांनी नातवाला वाढवलं ते आजोबा, निवृत्त शिक्षक गजानन उमाठे. बायोडाट्यावरचं ते नाव कमलताईंनी दोनदा वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला. हेमराजनं विचारलं, "का वं, नाही म्हणू का?"

"हो म्हना," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी त्यांना ओळखलं नाही. साखरपुड्यात त्यांनी हात जोडून "या ताई, बसा," म्हटलं, तेव्हा कमलताईंनी त्यांच्या पाया पडून आशीर्वाद घेतला. गुरुजी आता ब्याऐंशीचे, काठी घेऊन चालणारे, गावात मान असलेले. जुन्या विद्यार्थ्यांचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यात रोज कुणी ना कुणी "आमचे आदर्श गुरुजी" लिहून हात जोडलेलं चित्र टाकायचं. लग्नानंतर वैभवनं आजोबांचं कौतुक वाचायला सासूबाईंनाही त्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. कमलताई ते सगळं वाचत आणि दात आवळून शिवणयंत्र चालवत. यंदाच्या जूनमध्ये विद्यार्थी गुरुजींचा मोठा सत्कार करणार होते.

२०२५ च्या मे महिन्यात बुद्धपौर्णिमा सोमवारी आली. शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडून सुट्टी मिळाली. वैभव म्हणाला, चिखलदऱ्याला जाऊ, थंड आहे. कमलताई म्हणाल्या, "लोणारले जाऊ."

"आई, मे महिन्यात लोणार? कुत्रंबी नसते तिथं," प्रणाली म्हणाली.

"म्हनूनच. गर्दी नसन. अन् गुरुजीले घेऊन जाऊ. भूगोलाचे मास्तर होते ना ते. त्याईनं डोयानं पाहिलं पाह्यजे."

गुरुजी हे ऐकून खूश झाले. इतकी वर्षं शिकवलं, पण लोणार काही पाहिलं नव्हतं.

शनिवारी पहाटे पाचला निघाले. वैभव गाडी चालवत होता, शेजारी गुरुजी, मागे बाकीचे. वरूड, मोर्शी, अमरावती, कारंजा. वाटेत कमलताईंनी गुरुजींना दोनदा ताक पाजलं, डोक्यावर ओला दुपट्टा बांधून दिला. अनुराधाबाई कौतुकानं म्हणाल्या, "इहीनबाई, तुमी बाबाची लय काळजी घेता."

"घ्या लागते," कमलताई म्हणाल्या. "त्याईले नीट पोचवाचं हाय मले."

दुपारी मेहकर ओलांडून लोणारला पोचले. लॉजमध्ये दुसरं एकही गिऱ्हाईक नव्हतं. व्यवस्थापक बनियनवर बसला होता, तो धावत जाऊन शर्ट घालून आला. ऊन उतरल्यावर, साडेपाचच्या सुमारास, सगळे काठावर गेले.

खाली तो प्रचंड गोल खड्डा होता. बाभळी वाळून करड्या पडल्या होत्या, पाणी आटून कडेला पांढरे क्षार उघडे पडले होते आणि खालून कुजका, उग्र वास येत होता. गुरुजी काठीवर दोन्ही हात ठेवून पाहत राहिले. शेजारी माहितीचा फलक होता.

"गुरुजी," कमलताई म्हणाल्या, "हे जरा मोठ्यानं वाचून दाखवा. मी आठवी शिकेल बाई. मले नाही समजत."

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली. "लोणार सरोवर. हे सरोवर उल्कापातामुळे..." तिथे त्यांचा आवाज थांबला.

"वाचा ना. पुढं ज्वालामुखी असन."

गुरुजींनी वळून पाहिलं. या वेळी बराच वेळ पाहिलं. "तू सुखदेव घाटोड्याची पोरगी होय का?"

"होय. खोटारडी."

वैभवला काही कळेना. तेव्हा कमलताईंनी तिथेच, उन्हानं तापलेल्या कठड्याला टेकून, सगळं सांगितलं. साहेब, झेंड्याचा खांब, तीन दिवस, वडिलांना दिलेला सल्ला. आवाज चढवला नाही. माप सांगावं तसं एकेक सांगितलं. हेमराज आ वासून ऐकत होता. सदतीस वर्षांत त्या हे पहिल्यांदाच सांगत होत्या.

"चूक होते मानसाची," अनुराधाबाई म्हणाल्या. "पुस्तकात तसंच असन तवा."

"पुस्तकात होतं," गुरुजी हळू म्हणाले. "पन मले माहीत होतं. पेपरात वाचलं होतं मी. साहेबाच्या समोर पोरीनं चूक काढली, ते सहन नाही झालं. पुढच्या वर्षीपासून मी बरोबर शिकवलं."

कमलताईंना वाटलं होतं, म्हातारा नाकारेल, नाही तर आठवत नाही म्हणेल. त्याची त्यांनी तयारी केली होती. याची नव्हती.

"पुढच्या वर्षीच्या पोरायले बरोबर शिकवलं. मंग मी शाळेपासून चार घरं सोडून सुया ओवून राहिली होती, मले बोलवाले कावून नाही आले? बापाले येऊन सांगतलं असतं, पोरगी खरं बोलली, धाडा तिले. एवढंच त होतं."

"लाज वाटली."

"तुमची लाज झाकाले माही शाळा गेली."

"आई, पुरे ना," वैभव सासूबाईंना म्हणाला. "ब्याऐंशी वर्षांचे आहेत ते."

"मी तेरा वर्षांची होती."

लॉजवर परतल्यावर कमलताईंनी व्यवस्थापकाकडून अभिप्रायाची वही मागून घेतली आणि गुरुजींपुढे ठेवली. "लिहा. जे तिथं बोलले ते सगळं. खाली सही करा." अनुराधाबाईंनी वही ओढायला हात पुढे केला, पण गुरुजींनीच तो बाजूला सारला. त्यांना लिहायला पाऊण तास लागला. सुंदर वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं की सरोवर उल्केमुळे झालं आहे, हे कु. कमल सुखदेव घाटोडे हिने वर्गात खरं सांगितलं, मला ते माहीत असून मी तिला खोटं ठरवलं आणि तिचं शिक्षण बंद पाडलं.

कमलताईंनी त्या पानाचा फोटो काढला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला.

रविवारी सकाळीच गाडी परत निघाली. पांढुर्णा येईपर्यंत त्या फोटोखाली दीडशे संदेश आले होते. काहींनी कमलताईंना नावं ठेवली, म्हाताऱ्याला छळलं म्हणून. एका बाईनं नुसतं लिहिलं, "मलाही उभं केलं होतं." सत्कार पुढे ढकलला असं कळवलं गेलं. नंतर त्याची तारीख काही निघाली नाही. गुरुजींनी चौकातल्या पारावर बसायला जाणं सोडलं.

प्रणालीनं दोन महिने आईचा फोन घेतला नाही. पोळ्याच्या आधी एका दुपारी ती एकटीच बसनं सौंसरला आली, दुकानात शिरली आणि उभ्यानंच म्हणाली, "एकच विचाराचं होतं. तू मले त्या घरात याच्यासाठीच देलं का?"

कमलताईंनी पायाखालचं यंत्र थांबवलं. "पोरगा चांगला होता."

"ते नाही विचारलं मी."

"दोनी होतं," कमलताई म्हणाल्या. "खोटं नाही बोलत तुह्यापाशी."

प्रणाली स्टुलावर बसली. थोडी रडली. घरात आता सासूबाई तिच्याशी कामापुरतं बोलत होत्या, वैभव मधल्यामध्ये भरडला जात होता. आणि गुरुजी, तेच तेवढे तिला रोज जवळ बसवून तिच्या अभ्यासाबद्दल विचारत होते. पीएच.डी. कर म्हणून मागे लागले होते.

"मंग कर," कमलताई म्हणाल्या.

"तुले बरं वाटलं का पन, आई? खरं सांग."

"वाटलं. त्या राती मी अशी झोपली का सदतीस वर्षांत झोपली नसन. तुह्यावर आलं त्याचं वाईट वाटते. त्याईचं नाही वाटत."

प्रणालीनं पाणी प्यायलं, आईनं काढलेली भाजी-भाकर खाल्ली आणि पाचच्या बसनं परत गेली. जाताना पाया पडली नाही, पण पोचल्यावर फोन केला.

गुरुजींचाही फोन येतो अधूनमधून. परवा आला तेव्हा कमलताई रामाकोन्याच्या एका बाईचं माप घेत होत्या. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला.

"कोनाचा होय? उचला ना," बाई म्हणाली.

"ओळखीचे होय एक," कमलताई म्हणाल्या आणि टेप तिच्या खांद्यावर धरली. "सरळ उभ्या राहा. गळा मांगून किती ठेवू?"