अर्धा भागिले पाऊण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्या उत्तराला मी शून्य दिलं, ते बरोबर आहे हे मला शून्य लिहिण्याआधी कळलं होतं. नजरचुकीनं गेलेलं शून्य नव्हतं ते. लाल पेन हातात होता, उत्तर दोनदा वाचलं, समजलं, आणि मग लिहिलं.

तेव्हा मी वर्ध्याकडच्या जाम गावाच्या आसपासच्या एका शाळेत गणित शिकवायचो. आता त्याच संस्थेच्या वडनेरकडच्या शाळेत आहे. आठवीची वार्षिक परीक्षा होती आणि प्रश्न तीन गुणांचा होता: अर्धा भागिले पाऊण. एक छेद दोन भागिले तीन छेद चार. याची रीत मी वर्षभर पोरांकडून घोकून घेतली होती. भागाकाराचं चिन्ह बदला, दुसरा अपूर्णांक उलटा करा, गुणा. साठ पोरं एका सुरात म्हणायची आणि बाहेरून जाणाऱ्या माणसाला वाटायचं, काय जोरात शिकवणं चाललंय.

उलटा का करायचा? हे मला ठाऊक नव्हतं. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, नोकरीला लागलो, आणि सहावीच्या पुस्तकातल्या एका ओळीचं कारण मला सांगता येत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची लाज वाटायची. वर्गात कुणी विचारलंच तर म्हणायचो, ‘नियम आहे.’ आणि आवाज चढवायचो. आवाज चढवला की प्रश्न बंद होतात, हे मी पहिल्या वर्षातच शिकलो. तेवढं एक मी चांगलं शिकलो.

ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची. तिच्या आईकडे दोन म्हशी होत्या. जामच्या चौरस्त्यावर ट्रकवाले जिथं थांबतात, तिथल्या हॉटेलांना आई दूध द्यायची आणि शाळेआधी ही मुलगी माप घेऊन सोबत जायची. मला हे माहीत होतं, कारण ती कधीकधी उशिरा यायची आणि मी तिला दाराशी उभं करायचो.

तिनं पेपरात ना चिन्ह बदललं होतं, ना काही उलटं केलं होतं. एक डबा काढला होता, त्याला आडव्या रेघा मारून तीन सारखे भाग केले होते आणि खालचे दोन पेन्सिलनं भरले होते. बाजूला लिहिलं होतं: ‘अर्ध्यात दोन पाव असतात. पाऊणचे माप तीन पावांचे. तीनपैकी दोन भरले. उत्तर दोन छेद तीन.’

मी वाचलं. काही कळलं नाही. पुन्हा वाचलं. अर्धा लिटर दूध, पाऊण लिटरचं माप. माप किती वेळा भरेल? एकदाही पुरं भरणार नाही. तीन पाव लागतात, हातात दोनच आहेत. म्हणजे दोन तृतीयांश माप. भागाकार म्हणजे ‘यात ते किती वेळा बसतं’ एवढंच, आणि दोन्हीकडे सारखे तुकडे केले की नुसतं मोजायचं उरतं. इतकं सोपं. मी पस्तिशीला आलो होतो आणि एका चौदा वर्षांच्या पोरीच्या पेपरात मला भागाकार पहिल्यांदा समजला.

आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तो राग कसला होता हे आता मी नीट सांगू शकतो: हिला येतं आणि मला येत नाही, याचा. ‘रीत नाही’ असं लिहिलं आणि शेजारी मोठं शून्य काढलं.

पेपर वाटताना तिला फळ्याजवळ बोलावलं.

“हे काय काढलं?”

“माप आहे सर.”

“गणिताच्या पेपरात दुधाचं माप?”

“भागाकार म्हंजे किती मापं भरतात, तेच न सर?”

“कुणाचं पाहून लिहिलं?”

“कोनाचंच नाई.”

“मग रीत कुठाय?”

“हेच त रीत आहे.”

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “सर, दुधात पानी किती टाकलं ते बी विचारा!” सगळा वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. माझ्या हसण्यानं त्या पोरांना मुभा मिळाली, आणि मग नववीतही कितीतरी दिवस तिला वर्गात ‘पानीवाली’ म्हणत होते. मी ऐकत होतो. एकदाही थांबवलं नाही.

ती जागेवर गेली नाही. पेपर धरून तिथंच उभी राहिली. “सर, उत्तर त बरोबर आहे न?”

“रीतीशिवाय उत्तर म्हणजे कॉपी. बस खाली.”

इथवरच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. तीन गुण गेले, पोरगी विसरली असती. पण त्या काळी नववीत गणिताचे दोन रस्ते होते. एक नेहमीचं गणित, दुसरं सामान्य गणित, म्हणजे सोपं. कच्च्या मुलांची सोय म्हणून ते होतं. आमच्याकडे ते निकालाची सोय म्हणून वापरलं जायचं. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं, “हे पाहा सर, दहावीत गणितात एक बी पोट्टं लटकलं नाई पाह्यजे. जे डगमगून राह्यलं, त्याले टाका सामान्यात. चाळीसच्या खाली कोनी सोडू नका.” मीही मान हलवली. निकाल शंभर टक्के लागला की फलकावर माझं नाव यायचं.

तिला अडतीस होते. तीन मिळवा आणि बघा.

यादी लागल्यावर ती स्टाफरूममध्ये आली. आम्ही चहा पीत होतो. दारातूनच म्हणाली, “सर, माहं नाव काढा न त्या यादीतून. मले सायन्स घ्याचं आहे. नर्सिंगले जायचं आहे.”

सामान्य गणित घेतलेल्या मुलीला आमच्या भागातली कॉलेजं अकरावी विज्ञानाला दारात उभी करत नव्हती. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, म्हणूनच ती आली होती.

मी म्हणालो, “आधी भागाकार शिक, मग नर्स हो.”

सगळे हसले. ती गेली. रडलीबिडली नाही. मला तर वाटलं, बरं झालं, मुद्दा संपला. तिनं सामान्य गणित घेतलं, दहावी झाली, कला शाखेतून बारावी झाली, आणि माझ्या डोक्यातून पार गेली.

आता तो विषयच अभ्यासक्रमातून काढून टाकलाय. ज्यांना आम्ही त्यात ढकललं, त्यांच्या गुणपत्रिकेवर तो अजून छापलेला आहे.

कोविडात शाळा बंद झाली आणि फोनवर शिकवा असा हुकूम आला. मी घरी स्टुलावर फोन ठेवून फळ्याचे व्हिडिओ करून नेटवर टाकायला लागलो. अपूर्णांकांचा भागाकार आला तेव्हा तेच जुनं म्हटलं: चिन्ह बदला, उलटा करा, गुणा. खाली एका बाईनं लिहिलं, ‘सर, मुलगी विचारते उलटा का करायचा. मला सांगता येत नाही. कृपया सांगा.’ कॉमेंटवर आवाज चढवता येत नाही. दोन दिवस मी तो प्रश्न नुसता पाहत होतो. आणि मग इतक्या वर्षांनी तो पेन्सिलनं भरलेला डबा मला जसाच्या तसा आठवला.

स्वयंपाकघरातून दुधाचं माप घेतलं. कागदाच्या पट्ट्या चिकटवून भाग पाडले. आणि सांगितलं: एका लिटरमध्ये पाव किती? चार. म्हणून जेवढं दूध असेल त्याला आधी चारानं गुणा, म्हणजे पाव किती ते कळलं. अर्ध्या लिटरचे झाले दोन. आता माप पाऊण लिटरचं, म्हणजे एका वेळी तीन पाव घेणारं, म्हणून तिनानं भागा. दोन भागिले तीन. चारानं गुणलं, तिनानं भागलं. तीन छेद चार उलटा होऊन चार छेद तीन झाला, तो एवढ्यासाठी. त्यात जादू काही नाही, आधी पाव मोजले आणि मग मापं मोजली.

उलट्याचा धागा मी जोडला, हे खरं. पण माप, पाव, भरलेले दोन भाग, सगळं तिचं. मी एक शब्दही बोललो नाही की हे कुणाचं आहे.

तो व्हिडिओ चालला. फार चालला. मग मी ऋण गुणिले ऋण धन का होतं, शून्यानं का भागता येत नाही, असं एकेक करत गेलो. लोक वाट पाहायला लागले. वर्ध्याला एका कार्यक्रमात शाल दिली, नारळ दिला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, “सर, ही मापाची कल्पना सुचली कशी?” मी माईकवर म्हणालो, “घरी दूध मापताना.” टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला.

व्हिडिओखाली एक वाक्य पुन्हापुन्हा येतं. वेगवेगळी माणसं लिहितात. ‘सर, आमच्या वेळी तुम्ही का नव्हतात?’ ते वाचलं की फोन भिंतीवर फेकावासा वाटतो. अरे, मी होतो! तिच्या वेळी मीच होतो. खडू हातात घेऊन मीच उभा होतो तिथं, आणि तिला ‘बस खाली’ म्हणत होतो. तुमच्या वर्गात माझ्यासारखाच कुणीतरी असणार, म्हणून तर तुम्ही चाळिसाव्या वर्षी फोनवर भागाकार शिकताय. आणि माझेच आभार मानताय!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिचा फोन आला. आवाज ओळखला नाही. नाव सांगितलं तेव्हा कळलं.

ती जामलाच आहे. लग्न झालंय, नवरा गाडीवर असतो. घराच्या ओसरीत सहावी-सातवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. मुलांना येतं, मुलं टिकतात. पण एका पालकानं तिची दहावीची गुणपत्रिका मागितली. त्यावर सामान्य गणित पाहून तो चारचौघांत म्हणाला, “तुले सोताले जमलं नाई, आन् तू माह्या पोरीले काय शिकवून राह्यली?” आठवड्यात पाच मुलं कमी झाली.

“सर, तुमाले आता सगळे ओळखतात,” ती म्हणाली. “एक पत्र लिहून द्या न, की मले गणित येते. बाकी काई नको.”

मी म्हणालो, “शाळेच्या लेटरहेडवर असं देता येत नाही.”

“साध्या कागदावर द्या. तुमची सही असली की झालं.”

“पाहतो.”

मागं मुलांचा गलका ऐकू येत होता. मग अगदी सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, “सर, त्या व्हिडिओतलं ते माप... माह्या पेपरातलंच होय न?”

आता खरं बोलायला काय लागत होतं? होय म्हणायचं. एक शब्द. समोर वर्ग नव्हता, मुख्याध्यापक नव्हते, कुणी हसणारं नव्हतं.

मी म्हणालो, “कोणत्या पेपरातलं? अशी उदाहरणं सगळीकडे असतात गं.”

“हो न,” ती म्हणाली. “असतील. बरं, ठेवते सर. पत्राचं तेवढं लक्षात ठेवा.”

तिनं राग दाखवला नाही. दाखवायला हवा होता. मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

त्यानंतर तीनदा पत्र लिहायला बसलो. ‘सदर विद्यार्थिनी गणितात हुशार होती’ इथवर येतो आणि पुढचा प्रश्न कुणीही विचारेल असा असतो: हुशार होती, तर सामान्य गणितात टाकली कुणी? पत्र खरं लिहायचं तर मला माझ्याविरुद्ध लिहावं लागतं. खोटं लिहायचं तर ते तिच्या उपयोगाचं नाही, आणि आता मला तेही जमत नाही. कागद फाडतो आणि नवा व्हिडिओ करतो. परवा दशांश चिन्हावर केला. लोकांना आवडला. इकडे तिच्या ओसरीतली मुलं कमी होतायत आणि मी लोकांना दशांश चिन्ह सरकवायला शिकवतोय. याला निर्लज्जपणाशिवाय दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

तर मी तिचं काय देणं लागतो, ते लिहून ठेवतो. साध्या कागदावर माझ्या सहीचं पत्र: हिला गणित येतं, आठवीत हिचं उत्तर बरोबर होतं, रीतही बरोबर होती, शून्य मी जाणूनबुजून दिलं. तिची परवानगी घेऊन त्या व्हिडिओत तिचं नाव, माझ्या तोंडून. जामला तिच्या ओसरीत, मुलांसमोर आणि त्या पालकासमोर, फोनवर बोललेल्या खोट्याची कबुली. विज्ञान शाखेची ती दोन वर्षं मला परत देता येणार नाहीत, ती माझ्याकडे कायमची राहतील. बाकीच्या तीन गोष्टी देता येण्यासारख्या आहेत, आणि त्यातली एकही मी अजून दिलेली नाही.