पस्तीस अंड्यांचा खुलासा

सोजरबाई अंडं खात नाहीत, घरातही येऊ देत नाहीत. आणि गेल्या अकरा वर्षांत कारंजा गावात त्यांच्याइतक्या अंड्यांना कात्री दुसऱ्या कोणी लावली नसेल.

नवरा रामकिसन तिथल्या एका कॉलेजात शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी यांना प्राणिशास्त्र विभागात घेतलं. गावाबाहेर दीड एकर मळा, सकाळी मेथी-वांग्यांची तोड, अकरापासून कॉलेज. काही वर्षं बरण्यांवरची धूळ पुसण्यात गेली. मग सुप्रिया मॅडम आल्या. कोंबडीच्या पिल्लाचा कान अंड्यात कसा घडतो, यावर त्यांचं संशोधन. तिसऱ्या दिवशीच्या अंड्याला खिडकी पाडायची, आत खसखशीएवढ्या कानात काचेच्या सुईनं औषधाचा थेंब सोडायचा, चिकटपट्टी लावायची आणि अंडं पुन्हा उबवणी यंत्रात.

मॅडमची पहिली सात अंडी टेबलावर सांडली. आठवं सोजरबाईंनी त्यांच्या हातातून काढून घेतलं. रोपं लावणारी बोटं ती. नखाएवढी खिडकी पडली, पण टिपूस बाहेर आलं नाही. त्या दिवसापासून मॅडम संशोधन करायच्या आणि सोजरबाई काम.

"पन औषध कायचं हाय हे?" एकदा त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच असतात बाई," मॅडम म्हणाल्या. "मग एक ऐकणारी पेशी व्हायला लागते आणि शेजारणीला निरोप देते, तू होऊ नकोस. शेजारीण मग नुसता आधार देणारी होते. आपलं औषध तो निरोप अडवतं."

"तोंड त नाही तिले, मंग सांगते कशी?"

"तिच्या अंगावर एक रसायन असतं. शेजारणीला ते लागलं की कळतं."

"म्हंजे मोठ्या जावेसारखं," सोजरबाई म्हणाल्या. "धक्का मारला की लहानीनं समजून घ्याचं."

मॅडम हसल्या, आणि पुढच्या वर्षी वर्गात हाच दाखला स्वतःचा म्हणून दिला.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी तपासणी समिती येणार होती. नेमकी त्याच दिवशी दुरुस्तीसाठी अकरा ते सहा लाइट बंद. प्रयोगशाळेतला इन्व्हर्टर आदल्या दिवशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेला होता, कारण अद्ययावत प्रयोगशाळेची फिल्म समितीला तिथेच दाखवायची होती. यंत्रात आठव्या दिवसाची छत्तीस अंडी. सोजरबाईंनी काटा पाहिला. अडतीसचा पस्तीस झाला, मग तेहतीस. त्या केबिनकडे धावल्या. दारात हेडक्लार्क माणिकराव.

"आत कमिटी हाय, बाई."

"अंडे थंडे होऊन राह्यले, साहेब! मॅडमले सांगा."

"कमिटी गेल्यावर सांगतो."

सोजरबाईंनी वाद घातला नाही. भाजीच्या टोपल्यात कापूस पसरला, अंडी मांडली, वरून शाल घातली आणि ऑटोनं थेट मळ्याशेजारच्या लालसिंगचं घर गाठलं. लालसिंग कोंबड्या पाळायचा. त्या आठवड्यात त्याच्या तीन कोंबड्या खुडूक होत्या, अंड्यांवर बसायला आतुर.

"तुमी त अंड्याले शिवत नाही म्हणे?" त्यानं विचारलं.

"हे सरकारी हायेत," सोजरबाई म्हणाल्या. "बसव लवकर."

बारा-बारा अंडी तिघींखाली गेली. तांबड्या कोंबडीनं चिकटपट्टीवर चोच मारली आणि एक अंडं पायानं बाहेर लोटलं. मग मात्र ती पंख पसरून अशी बसली की दाण्यालाही उठेना. सोजरबाई संध्याकाळपर्यंत समोर बसून राहिल्या आणि लाइट आल्यावर अंडी परत यंत्रात ठेवून आल्या.

इकडे समिती प्रयोगशाळेत आली तेव्हा यंत्र उघडं आणि रिकामं. प्राचार्य म्हणाले, "ऊर्जाबचत." समितीनं शेरा लिहिला, 'प्रयोगशाळा अत्यंत स्वच्छ.'

शुक्रवारी सोजरबाईंना नोटीस मिळाली: विनापरवानगी शासकीय साहित्य बाहेर नेल्याबद्दल खुलासा द्यावा. त्यांनी मुलीकडून, योगिनीकडून, दोन ओळी लिहून घेतल्या. 'छत्तीस नेली, पस्तीस आणली. एक कोंबडीने नाकारले.' माणिकरावांनी त्यावर 'नोंद घेतली' असा शिक्का मारला.

दहाव्या दिवशी अंडी उघडली. आजवरच्या कुठल्याही खेपेत इतके गर्भ जगले नव्हते. मॅडमनी सोजरबाईंना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. साध्या कानात ऐकणारी एकेक पेशी आणि तिच्याभोवती आधाराच्या पेशी, ओळीनं लावलेल्या रोपांसारख्या. औषध दिलेल्या कानात मात्र ऐकणाऱ्यांचीच दाटी, पाय ठेवायला जागा नाही.

"साऱ्याच मोठ्या झाल्या," सोजरबाई पुटपुटल्या. "मंग यायले सांभाळन कोन?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सात महिन्यांनी निबंध छापून आला. 'अंडी अडतीस अंश तापमानाला, नियंत्रित वातावरणात उबवली,' असं त्यात होतं.

"लालसिंगच्या कोंबड्या?" सोजरबाईंनी विचारलं.

"कोंबड्या लिहिता येत नाहीत हो," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "तुमचं नाव आहे ना, आभारात."

योगिनीनं शोधून काढलं. 'एस. बाई.'

लालसिंगला यातलं काही ठाऊक नव्हतं. अंडी काढून नेल्यावर तांबडी तीन दिवस रिकाम्या टोपलीवर बसून होती, हे त्यानं दोनदा सांगितलं होतं. एका सकाळी सोजरबाई मेथीच्या जुड्या बांधत असताना त्यानं बांधावरून विचारलंच, "बाई, थे पिल्लं निंगाले का?"

अंड्यातल्या पिल्लाला आवाज कळू लागतो तो साधारण बाराव्या दिवशी, हे मॅडमनीच सोजरबाईंना सांगितलं होतं; ही अंडी तर दहाव्याच दिवशी कापली होती. त्यांनी जुडीला गाठ मारली.

"निंगाले," त्या म्हणाल्या. "मोठे झाले. मस्त आयकू येते त्यायले."

लालसिंग खूश होऊन कोंबड्यांना दाणे टाकायला गेला.