आईच्या अक्षराची शेपटी

हुडको कॉलनीतल्या आमच्या महिला मंडळाचा एक हट्टी नियम होता. हळदीकुंकवाचं बोलावणं सचिवाच्या हातानं लिहिलेलंच हवं, छापील पत्रिका आली की बाया नाकं मुरडायच्या. त्या वर्षी सचिव झाली माझी आई, आणि आईचं अक्षर म्हणजे ताटात सांडलेल्या शेवया.

"माही इज्जत जाते आता," ती रडकुंडीला आली. "तू दुकानात दिवसभर अक्षरंच करून राहते ना? कर काहीतरी!"

मी पावर हाउसच्या बाजारात फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइन करायची. तिथे माझा एक लाडका फॉन्ट होता, ब्रशने सहज ओढल्यासारखा. जाड सुरुवात, बारीक शेपटी, मधेच सुकत आलेल्या ब्रशचे ओरखडे. बुटीक, चाटची गाडी, योगवर्ग, सगळ्यांना मी तोच चिकटवला. कुम्हारी गावचा टायरवाला आपला बोर्ड बघून म्हणाला होता, "मॅडम, टायर नाच रहा है."

आईची पत्रंही त्यातच निघाली. बाया खूश झाल्या. आई लाजून "वेळ मिळाला की लिहिते" असं बिनदिक्कत सांगत फिरली. मग अध्यक्षबाईंनी फर्मान काढलं, "संक्रांतीले फळ्यावर स्वागत तुमीच लिहा. साऱ्यांसमोर, ब्रशनं."

आई दोन दिवस जेवली नाही, म्हणजे तिसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. शेवटी मी फॉन्ट मोठा करून छापून दिला आणि ती रोज दुपारी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर गिरवत बसली. कॅलेंडरं संपल्यावर मागच्या भिंतीवर. स्टील प्लांटमधून ड्युटी करून आलेल्या बाबांनी विचारलं, "घर विकून राहिली का? बोर्ड कायचा लावला?"

संक्रांतीला तिने एका दमात 'सुस्वागतम्' लिहिलं. दोन्ही 'स'वर तेच ओरखडे, त्याच जागी, ओल्या ब्रशने मुद्दाम काढलेले! माझ्याशिवाय कुणालाच दिसलं नाही. टाळ्या पडल्या आणि मी भयंकर खूश झाले.

पुढे आई थांबेचना. हिंगाची डबी, दूधवाल्याची चिठ्ठी, सगळीकडे शेपट्या. 'आज दूध नको' वाचून लग्नाला जावंसं वाटे.

मग मी नव्या नोकरीसाठी रायपूरला राहायला गेले. आईचे डबे यायचे, वर त्याच नाचऱ्या अक्षरात 'लोणचं'. दुकानातून छापून आल्यासारखं. मला फार एकटं वाटायचं. एकदा फोनवर म्हटलं, "आई, जुन्या अक्षरात लिही ना."

"कावून? वाचता येत होतं का तुले?"

"नाही."

पुढच्या डब्यावर शेवया होत्या. आत ठेचा आहे हे पहिल्या घासाला कळलं. खाली आणखी एक लांब ओळ होती, ती काही केल्या लागेना. शेवटी फोटो पाठवून विचारलं.

बराच वेळ बघून आई म्हणाली, "मलेही नाही वाचता येऊन राहिलं. पण ठेवून दे, मी मनापासून लिहिलं होतं."