माझा हात बँडेजमध्ये, ब्रश आईच्या हातात

अरे थांबा, हे आत्ताच सांगू दे, नाहीतर फुटेन मी!

"कार्पल टनेल सिंड्रोम, मा," अण्णा नगरच्या हॉस्पिटलमधले तमिळ डॉक्टर म्हणाले. इथे प्रत्येकीला प्रेमाने 'मा' म्हणतात. मी पहिलं काय विचारलं? "म्हणजे पेंटिंग बंद?"

म्हणजे काय ते सांगते. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून नस जाते. ती दबली की अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात. मला वाटायचं, दिवसभर कोडिंग करते, मुंग्या येणारच. तुम्ही असं अंगावर काढू नका हं. मी चहाचा कप हातातून पडल्यावर गेले.

मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट. बारीक शॉक देऊन नस निरोप कसा पोचवते ते बघतात. त्यापेक्षा वेटिंग रूम वाईट. समोर एक आजी मोसंबं सोलत होत्या, अख्खी साल एका पट्टीत. त्यांच्या बोटांवर जळून खाक झाले मी.

"नस बरीच दबलीय. छोटं ऑपरेशन करू. मग महिनाभर काही घट्ट धरायचं नाही, ओके-वा मा?"

महिनाभर! रविवारच्या वॉटरकलर क्लासचं प्रदर्शन तोंडावर. प्रत्येकाचं एकच चित्र. आणि वेट-ऑन-वेट, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, मला आत्ता कुठे जमायला लागलेलं.

ऑपरेशन फक्त हात बधिर करून झालं. आई साताऱ्याहून आली. वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये मी डाव्या हाताने सुरू केलं, तिने फक्त कागद ओला करून द्यायचा होता. माझा नुसता चिखल झाला.

"बघू गं मी जरा?" आई म्हणाली.

तिने बाल्कनीतून दिसणारं रस्त्यावरचं साचलेलं पाणी काढलं. त्यात शेअर ऑटोचा पिवळा टेकवला आणि बोर्ड तिरका केला. पिवळा असा काही पसरला की बास. मी असते तर घाबरून टिश्यूने टिपला असता. आई उठून वरणाला फोडणी द्यायला गेली!

मी त्या चित्रासकट टेबलाचा फोटो स्टेटसला टाकला. क्लासच्या सरांचा मेसेज लगेच, "सुपर मा! भिंतीवर हेच. तुझं बेस्ट." माझं! दोन वर्षांत मला बेस्ट म्हणाले नव्हते.

"ते माझं आहे हे सरांना कशाला सांगतेस?" आई म्हणाली. "तुझं नाव घाल. मी काय करू तिथे, तमिळ येतं का मला?"

रागच आला. इतकं सहज देऊन टाकते? मला हवं होतं ना ते!

टाके निघाले. "आता हळू पेन धरायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. बोटांना पेनाचा गारवा कळला आणि मी तिथेच रडले. डॉक्टर, थँक्यू हो.

घरी येऊन कोपऱ्यात सही केली. बऱ्या हाताने लिहिलेलं पहिलं नाव. वाकडंतिकडं, 'शोभा'. आईचं.

प्रदर्शनात लोक "सुपर आंटी!" म्हणत होते, आई लाजत होती, आणि मी तिचे फोटो काढत जळत होते. आजही जळतेय, पण त्याच अंगठ्याने हे टाइप करतेय, बधिर नाही, काही नाही.

पण खरं सांगा, आपल्याच आईवर कधी इतके जळलायत का तुम्ही?