अण्णांचं ध्यानगृह

मी फोटो काढत नाही, फोटो घेतो. 'काढतात ते हौशी,' असं मी चारचौघांत सांगतो. (सांगायचो.)

माझे सासरे अण्णा पनवेल तालुक्यात व्यसनमुक्तीचं काम करतात. दारूचं नुसतं नाव निघालं तरी त्यांना ठसका लागतो. माझ्या एकाही फोटोला त्यांनी कधी 'बरा' म्हटलं नव्हतं, हे माझं जुनं दुखणं! म्हणून त्यांच्या पंच्याहत्तरीच्या बॅनरचं काम मी मागून घेतलं आणि त्यांना शिरढोणपलीकडच्या डोंगरातल्या एका जुन्या गुहेत नेलं.

"अण्णा, हे कोनाडे बघा! दोन हजार वर्षांपूर्वी इथे भिक्खू ध्यानाला बसायचे!"

"कशावरून?"

"गारवा बघा ना!" (याहून भक्कम पुरावा माझ्याजवळ नव्हता.)

अण्णा मांडी घालून, डोळे मिटून बसले. मी बॅटरी संपेपर्यंत फोटो घेतले. घरी आल्यावर एक फोटो पाहून अण्णा चक्क म्हणाले, "बरा आलाय." त्या आनंदाच्या भरात मी बॅनरवर ओळ टाकली: 'इथेच मिळते अण्णांना खरी शांती!'

समारंभ कामोठ्यातल्या एका हॉलमध्ये होता. स्टेजवर बॅनर, समोर अण्णांनी ज्यांची बाटली सोडवली ती मंडळी, सहकुटुंब! गुडघ्यांमुळे डोंगरावर न आलेल्या सासूबाईंनी बॅनर तिथेच पहिल्यांदा पाहिला. त्यांचं माहेर त्याच डोंगराखालचं. हातात ओवाळणीचं तबक, तोंडापाशी माइक. आणि माइक चालू!

"अगो बाय! जावयबापू, ही त दारूची कोठी हाय! माझा बापूस हितनंच दारू न्यायचा!"

 मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. अण्णांचा चेहरा खाड्कन उतरला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं; पण गप्प बसेन तर मी कसला! मी माइक ओढला.

"मंडळी, गैरसमज नको! सासूबाईंचे वडील तिथल्या दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचे. सुरुंगाची दारू ठेवायची ती कोठी! ही प्यायची दारू नव्हे, भरायची दारू!"

"मग भरा की!" मागून आवाज आला.

हॉल दणाणला. अण्णांनी भाषणाचा कागद हळूच घडी करून खिशात ठेवला. ते बघून मला खरोखर रडू आलं.

आम्ही रिक्षाने घरी परतलो. दाराशी उतरल्यावर अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, खरं सांगा. त्या दिवशी गुहेत तुम्ही काय घेतलं होतं?"

"फोटो," मी मान खाली घालून म्हणालो.