तिसऱ्या कडव्यातली बांगडी

अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी साठीच्या एक मावशी होत्या. पुढच्या सीटवर कुणीतरी मोबाईलवर जुनं भीमगीत लावलं. गायक गात होता तोवर मावशी गप्प. कोरस आला की हलकेच सूर मिळवायच्या आणि गायक परतला की ओठ मिटून घ्यायच्या.

"पूर्ण म्हणा ना, मावशी."

"थे आमचं नाई. आमी कोरसातल्या बाया. या क्यासेटीत गायलो आमी."

"कव्हरवर नाव होतं?"

"आमचं कोन टाकते, बाप्पा!" त्या हसल्या आणि एकदम बोट वर केलं. "आता आयका."

तिसऱ्या कडव्यात, गायकाच्या आवाजामागे, बारीक किणकिण झाली.

"माही बांगडी! नवं लगन होतं. रेकॉर्डिंगवाला म्हने, बांगड्या काढा. म्या नाई काढल्या, वरून रुमाल बांधला. थो गाता गाता सुटला. लय बोलनी खाल्ली तवा." मनगट कुरवाळत म्हणाल्या, "आता नात हेच गानं लावते. किनकिन झाली का म्हनते, आजी आली."

मूर्तिजापूरला त्या उतरून गेल्या.

परवा चहाच्या टपरीवर तेच गाणं लागलं. तिसरं कडवं आलं, तेव्हा कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून मी कप हातातच धरून ठेवला.